सहा जणांचा वर्ग आणि माझा सूड

२० जून १९७३, बुधवार. दुपारी १.१०
आज टाइमटेबल लागलं. स्टाफरूमच्या दाराशी, सगळ्यांना दिसेल असं. मुद्दाम.

प्रा. लोहगावकर: प्रथम वर्ष, सामान्य ज्ञान, विद्यार्थी नव्वद, हॉल. प्रा. धानोरकर, म्हणजे मी: द्वितीय वर्ष, तर्कशास्त्र, विद्यार्थी सहा, खोली नंबर अकरा.

गेली चार वर्षं ते नव्वद माझे होते. हॉल माझा होता. खोली नंबर अकरा ही खोलीच नव्हे. सायकल स्टँडला लागून असलेली खेळाच्या सामानाची अडगळ आहे ती.

लोहगावकर याच महिन्यात उपप्राचार्य झाले. सीनिऑरिटीने मी अकरा दिवसांनी मोठा. पहिलंच टाइमटेबल केलं आणि माझा काटा काढला.

मी शांत आहे. रागावलेल्या माणसाला नीट तर्क करता येत नाही. मी नीट तर्क करतो आहे. म्हणजे मी रागावलेलो नाही.

निश्चय: सूड.

संध्याकाळी ६.३०
सौ. म्हणाली, सहाच मुलं म्हणजे पेपर किती कमी तपासावे लागतील! तिला कॉलेजचं राजकारण कळत नाही.

२१ जून
पहिला तास. सहा जण. मोजायला वेळ लागला नाही.

शेषराव: वय चौतीस. एसटीत कंडक्टर. कळमनुरीहून हिंगोलीला येतो. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, त्यामुळे 'अहो-जाहो' करावं लागतं. पंचफुला: बाप रोजंदारीवर. गावातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. पहिल्या बाकावर बसते आणि डोळ्यांत बघते. रूपसिंग: सेनगावकडच्या तांड्यावरचा. मुंजाजी: बोलत नाही. संतराम आणि सुमन: बाकीचे दोन.

मी थंडपणे शिकवायचं ठरवलं होतं. जुन्या नोट्स वाचून दाखवल्या. पंचफुलानं हात वर केला. म्हणाली, "सर, हे लिहून घेऊन राहिलो आमी, पन हे असंच काहून?"

चार वर्षांत त्या नव्वदांपैकी एकानंही 'काहून' विचारलं नव्हतं. उद्धटपणा. उत्तर देता देता तास संपला.

२५ जून
सूड, योजना क्रमांक एक: लोहगावकरांशी बोलायचं नाही. नमस्कार केला तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं.

११.४०: त्यांनी नमस्कार केला. मी कॅलेंडरकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "आज तारीख काय हो?" सांगावी लागली.

योजना क्रमांक एक स्थगित.

३ जुलै
वर्गात उदाहरण दिलं. सगळ्या एसटी गाड्या उशिरा येतात. ही गाडी उशिरा आली. म्हणून ही एसटी गाडी आहे. बरोबर की चूक?

शेषरावांचा चेहरा पडला. म्हणाले, "सर, सगळ्या न्हाई येत." मी म्हटलं, तेवढं धरून चाला. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग एकदम उठून उभे राहिले. "सर, बैलगाडीबी उशिरा येती की! म्हून ती काय एसटी झाली का?"

पुस्तकात या चुकीला दीड पान दिलंय. शेषरावांनी एका बैलगाडीत बसवलं.

मग सगळेच सुटले. संतरामनं त्याच्या मामाच्या लग्नाचं उदाहरण दिलं, ते विषयाला सोडून होतं, पण हसून हसून पुरेवाट झाली. तास वीस मिनिटं जास्त चालला. मी मुद्दाम चालू दिला. लोहगावकर हॉलमधून बाहेर पडताना त्यांना दिसायला हवं की मला फरक पडत नाही. ते दुसऱ्या दाराने गेले.

१६ जुलै. पहाटे
सूड, योजना क्रमांक दोन. ही अचूक आहे. माझ्या वर्गातला विद्यार्थी तर्कशास्त्रात विद्यापीठात पहिला येईल. पेपरात फोटो. खाली: 'मार्गदर्शक प्रा. अमृत धानोरकर.' लोहगावकर तो पेपर स्टाफरूममध्ये वाचतील. मी समोर बसलेला असेन. काही बोलणार नाही.

हत्यार म्हणून पंचफुलाची निवड केली. तिला कल्पना नाही.

सोमवारपासून सकाळी साडेसातला जादा तास. फक्त तिच्यासाठी.

२३ जुलै
साडेसातला सहाही जण हजर. मी विचारलं, तुम्हाला कुणी बोलावलं? शेषराव म्हणाले, "पंचफुला म्हनली सर जादा शिकवून राहिले. आमी काय घोडं मारलं तुमचं?" ते ड्यूटी बदलून घेऊन आले होते. शिकवलं.

घरी आल्यावर सौ.ने विचारलं, शीळ का वाजवताय? मी शीळ वाजवत नाही. कधीच वाजवलेली नाही.

८ ऑगस्ट
रूपसिंग नऊ दिवस गैरहजर.

आणि आजच नोटीस बोर्डावर नोटीस: ज्या विषयाला सहापेक्षा कमी विद्यार्थी असतील, तो विषय बंद करण्याचा विचार होईल. सही: उपप्राचार्य.

आता सगळं जुळलं. रूपसिंग गैरहजर आहे. नोटीस लागली आहे. म्हणजे रूपसिंगला लोहगावकरांनीच गैरहजर ठेवलं आहे. पुरावा नाही, पण पुरावा न ठेवणं हीच त्यांची पद्धत.

पंचफुलाला याबद्दल आडून विचारलं. ती म्हणाली, "एकामागून एक झालं म्हून एकामुळं दुसरं झालं असं न्हाई ना सर. कालच शिकवलं तुमी." लोहगावकरांचा तिला अजून अनुभव नाही.

१० ऑगस्ट
काल सेनगावच्या जीपमध्ये बसलो. पुढे दोन मैल चिखलातून चालत. एक चप्पल चिखलात राहिली. लोहगावकरांच्या खात्यावर.

रूपसिंगचे वडील भावसिंग शेताच्या धुऱ्यावर बसले होते. एक बैल लंगडा झाला आहे. तण काढायचा डवरा चालत नाही, ज्वारीत रान माजलंय, हातानं खुरपायला माणसं नाहीत. पोरगं कामाला हवं. रूपसिंग खुरपं हातात घेऊन माझ्याकडे न बघता उभा होता.

मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. भावसिंगनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तर्कशास्त्र म्हंजी काय असतंय?" मी सांगितलं, खरं-खोटं पारखायची रीत. ते म्हणाले, "मंग पारखून सांगा. शिकलं की चांगलं होतं म्हनता. तुमी शिकले. तुमी खुश हाव का?"

मी म्हटलं, हो.

हे मी केवळ डावपेच म्हणून म्हटलं. पण परत येताना दोन मैल तेच तपासत आलो.

भावसिंग म्हणाले, खुरपणी झाली की धाडतो. म्हणजे अजून दोन आठवडे. विषय बंद करायच्या कागदावर सही करायला लोहगावकर टपलेले. आज वर्गात एवढंच सांगितलं की रूपसिंग का येत नाही. जास्त बोललो नाही.

१२ ऑगस्ट, रविवार
सकाळी शेषराव दारात. बरोबर बाकीचे चौघे. पंचफुला खुरपी घेऊन आली होती. घरची दोन, शेजारणीची चार. म्हणाली, "चला सर. सहा वाजताची गाडी शेषरावभाऊचीच हाय."

दिवसभर खुरपलं. तीन ओळी. माझ्या ओळीत पंचफुला मागून आली आणि थांबली. म्हणाली, "सर, तुमी ज्वारी काढून राहिले. तन राहू दिलं." त्यानंतर मला पाणी आणायचं काम दिलं.

दुपारी लिंबाखाली भाकरी, ठेचा. भावसिंग म्हणाले, मास्तर, तो तुमचा खरं-खोटं पारखायचा तास इथंच घ्या, आमी बी ऐकतो. घेतला. तांड्यावरची दहा-बारा माणसं जमली. एका म्हातारीनं विचारलं, सगळे नवरे खोटं बोलतात, हे एकाच नवऱ्यावरून सिद्ध होतं का? मी म्हटलं नाही होत. ती म्हणाली, "मंग तुमचं शास्त्र कच्चं हाय."

रूपसिंग सोमवारपासून येणार. वर्ग सहाचा सहा. लोहगावकरांचा डाव उधळला.

पाठ दुखते आहे. शेक दिला. असा रविवार बऱ्याच वर्षांत गेला नव्हता. सूड घेताना माणसाला उत्साह येतो, हे खरं.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. लोहगावकरांना नव्वदांनी हार घातला. जाड हार. मान वाकली होती.

मला माझ्या सहांनी प्रश्नपत्रिका दिली. त्यांनीच काढलेली. पन्नास मार्कांची. "सर, आज तुमी सोडवा, आमी सुपरव्हिजन करतो." शेषराव रांगांमधून हात मागे बांधून फिरत होते. रांग एकच होती.

पेपर मुंजाजीने तपासला. मुंजाजी बोलत नाही, पण लाल पेन्सिलनं बोलतो. एक्केचाळीस. शेवटच्या प्रश्नाखाली लिहिलं होतं: 'निष्कर्ष घाईने काढला.' मी गुण वाढवून मागितले. वर्गानं मतदान घेतलं. सहा विरुद्ध एक.

लोहगावकरांचा हार संध्याकाळपर्यंत सुकला. मुद्दाम बघून आलो.

१९ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. सुट्टी फार लांबली होती. सौ. म्हणाली, तिसऱ्या दिवसापासून तुम्ही कॉलेज कधी उघडतंय विचारताय. त्याचं कारण: शत्रूवर नजर ठेवावी लागते.

४ डिसेंबर
गॅदरिंगमध्ये वादविवाद स्पर्धा. कॉलेजातल्या दोन वर्गांत. जिंकणाऱ्या वर्गाला ढाल. लोहगावकरांनी आपल्या नव्वदांमधून तीन वक्ते निवडले आहेत, त्यातला एक माइकशिवाय हॉलभर ऐकू जातो.

सूड, योजना क्रमांक तीन. माझे: पंचफुला, रूपसिंग, शेषराव. त्यांच्या हाती तर्कशास्त्र आहे. समोरच्यांचे मुद्दे उभे चिरून काढतील. आवाजाने वाद जिंकता येत नाही हे सगळ्या गावासमोर सिद्ध होईल. लोहगावकर पहिल्या रांगेत असतील.

विषय: 'खेड्यात आधी शाळा की आधी रस्ता.' आमची बाजू शाळा. सोपी. शाळेच्या विरुद्ध कोण बोलणार?

२९ डिसेंबर
तयारी जोरात. रोज संध्याकाळी पाच ते सात. रूपसिंग बोलताना पूर्वी जमिनीकडे बघायचा. आता समोर बघतो. शेषराव कंडक्टर असल्यामुळे त्यांना गर्दीत बोलायची सवय आहे, पण अधूनमधून 'पुढे सरका' म्हणतात. ते काढायला आठवडा गेला.

त्यांना बजावून सांगितलं: जे म्हणणं पटेल ते मान्य करायचं, न पटेल ते खोडायचं, आणि खोडताना माणसाला हात लावायचा नाही. बारा जुलैच्या नोट्समध्ये हे आहे. तेव्हा मी ते लोहगावकरांना टोमणा म्हणून घातलं होतं.

१९ जानेवारी १९७४, शनिवार. सायंकाळी ७
लिहिताना दोनदा पेन्सिलचं टोक मोडलं. रागाने नव्हे. थंडीने.

शेषराव उत्तम बोलले. रूपसिंग त्याहून उत्तम. हॉल शांत. माझ्या बाजूला बसलेल्या हेडक्लार्कनी माझा हात दाबला. मग लोहगावकरांचा तिसरा वक्ता उठला. सिद्धेश्वरकडचा पोरगा. तो ओरडला नाही. म्हणाला, "आमच्या गावात शाळा हाय. पावसाळ्यात ओढ्याला पानी आलं की गुरुजी दोन-दोन महिने येऊ शकत न्हाईत. मी चौथी दोनदा केली. नापास झालो म्हून न्हाई. गुरुजीच आले न्हाईत म्हून." आणि बसला.

आता पंचफुलाची पाळी. खोडायची पाळी. मी तिला पाच मुद्दे लिहून दिले होते. ती उठली. कागद बघितला. घडी केली. म्हणाली, "त्यांचं म्हननं बराबर हाय. आमच्याकडं ह्याला उत्तर न्हाई." आणि बसली.

ढाल लोहगावकरांच्या वर्गाला. टाळ्या मात्र पंचफुलाला. लोहगावकर स्वतः उभे राहून टाळ्या वाजवत होते. किती पोहोचलेला माणूस आहे!

२१ जानेवारी
वर्गात जाब विचारला. पंचफुला म्हणाली, "तुमीच सांगितलं होतं, पटलं तर मान्य करायचं."

मी म्हटलं, ढाल गेली.

ती म्हणाली, "व्हय. पन सर, आता रस्त्याचं काय करायचं?"

त्या पोरग्याच्या ओढ्यावरच्या रस्त्यासाठी सहाही जण बांधकाम खात्याला अर्ज लिहीत बसले होते. कुठल्या वाक्यातून कोणतं वाक्य निघतं यावर त्यांचा कडाक्याचा वाद चालला होता. त्या पोरग्यालाही बोलावून घेतलं होतं. लोहगावकरांच्या विद्यार्थ्याला! माझ्या वर्गात!

मी तासभर त्यांचा अर्ज दुरुस्त करून दिला. पण मनातून मी दगड झालो होतो.

११ फेब्रुवारी
पुरे झाले आडमार्ग. आता सरळ वार. संस्थेच्या कार्यकारिणीकडे लोहगावकरांविरुद्ध लेखी तक्रार. चार दिवस लिहितो आहे. चौदा पानं. त्यांचा पक्षपात, कपट, हॉल बळकावणं, तारीख विचारणं, खोटी टाळी.

दगडोबा शिपाई म्हणाला, सर, एवढं मोठं काय लिहून राहिले, कादंबरी का?

१४ फेब्रुवारी
एक सुचलं. तक्रार अभेद्य असली पाहिजे. आणि तर्क तपासण्यात माझ्या वर्गाहून चांगलं हिंगोलीत कोण आहे? नावं काढली. मी 'अ', लोहगावकर 'ब'. वर्गात सांगितलं, विद्यापीठाच्या जुन्या पेपरातला उतारा आहे, दोष शोधा.

सहा जण तुटून पडले. एवढा आनंद त्यांना पाठ्यपुस्तकानं कधी दिला नव्हता. तासाअखेर फळ्यावर एकोणीस दोष. सुमनने अनुक्रम लावले. 'ब हसला म्हणून ब कपटी': दोष. 'ब नंतर आला म्हणून ब मुळे झालं': दोष. 'ब विषयी सगळे हेच म्हणतात': सगळे म्हणजे कोण, दिलेलं नाही. शेषराव म्हणाले, "सर, ह्या 'अ'ची मला कीव येऊन राहिली."

पंचफुलानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाली, "लिहिनाऱ्याला कशानं तरी लागलंय, सर. लई लागलंय. पन लागनं म्हंजी पुरावा न्हाई."

मी म्हटलं, पेपर काढणाऱ्यांना कळवतो.

१५ फेब्रुवारी
त्यांनी दोष काढले, म्हणजे माझं काम सोपं झालं. एकोणीसही दोष आणि त्यांच्यावर उभी असलेली सगळी वाक्यं खोडली. चौदा पानांतून राहिलं ते एवढं:

'एका प्राध्यापकाकडे नव्वद विद्यार्थी व दुसऱ्याकडे सहा, ही वाटणी विषम आहे. जो मोठा वर्ग पूर्वी ज्याच्याकडे होता, तो त्याला परत देण्यात यावा.'

दोन वाक्यं. कुणालाही खोडता येणार नाहीत. रजिस्टर पोस्टाने रवाना. हातातून बाण सुटल्यासारखं वाटलं.

रात्री अर्धं ताट तसंच ठेवलं. सौ.च्या मते वांग्याची भाजी.

१२ मार्च
कार्यकारिणीचं उत्तर नाही. अभ्यासक्रम संपला. शेवटचा तास कालच घेतला होता. आज सहाही जण पुन्हा येऊन बसले. मी विचारलं, आता काय राहिलं? रूपसिंग म्हणाला, "काही न्हाई सर. सवय हाय."

त्यांना पुढच्या वर्षाचं पहिलं प्रकरण शिकवायला घेतलं. तिसऱ्या वर्षी हेच सहा, हीच खोली. खोली हवेशीर आहे. हे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

लोहगावकर सायकल काढायला आले होते. खिडकीतून म्हणाले, "धानोरकर, तुमच्या वर्गातून नेहमी हसण्याचा आवाज येतो." सरळसरळ धमकी. टिपून ठेवलं.

२० एप्रिल
आज ऑफिसमध्ये सहज कळलं: विद्यापीठाची गुणवत्ता यादी फक्त तिसऱ्या वर्षाला लागते. दुसऱ्या वर्षाला नाही. म्हणजे पंचफुला या वर्षी पहिली येणं शक्यच नव्हतं. नऊ महिने सकाळी साडेसात!

हरकत नाही. पुढच्या वर्षी. वर्ग माझ्याकडेच आहे.

३ मे, शुक्रवार. दुपारी ४.००
विजय! कार्यकारिणीचं पत्र. 'आपली तक्रार अत्यंत मुद्देसूद असून ती पूर्णपणे मान्य करण्यात येत आहे. जूनपासून प्रथम वर्षाचा नव्वद विद्यार्थ्यांचा वर्ग व हॉल आपणांकडे.' मुद्देसूद! पूर्णपणे मान्य! अकरा महिन्यांचा सूड दोन वाक्यांत वसूल.

सौ.ला शिरा करायला सांगितला.

४.४०
शिरा छान झाला होता. पत्राला मागचं पानही आहे.

४.४५
'तासांचा कार्यभार समान ठेवण्यासाठी तृतीय वर्ष तर्कशास्त्राचा सहा विद्यार्थ्यांचा वर्ग, तत्त्वज्ञानातही एम.ए. असलेले प्रा. लोहगावकर यांच्याकडे देण्यात येत आहे. आपण मागणी केल्याप्रमाणे.'

५.३०
मी असं मागितलं नव्हतं.

६.१०
तपासून बघितलं. मागितलं होतं. दोन्ही वाक्यांतून तेच निघतं. एकही दोष नाही.

२२ जून
हॉल. ब्याण्णव. पंखा डोक्यावर. मी बोलत होतो, ब्याण्णव जण ऐकल्यासारखं करत होते. मागून कुणी तरी कोंबड्यासारखं आरवलं. मी थांबलो आणि विचारलं, कुणाला काही शंका? खिडकीजवळच्या पोराने हात वर केला. मी अक्षरशः पळत गेलो त्याच्या बाकापाशी. त्याला लघवीला जायचं होतं.

प्राचार्यांना भेटलो. वाटणी पुन्हा बदला म्हटलं. ते म्हणाले, तुमच्याच तक्रारीवर एवढं झालं, आता उलटं करायचं तर सबळ कारण पाहिजे. लोहगावकर नीट शिकवत नाहीत असा काही पुरावा असेल तर लेखी द्या.

पुरावा मिळवीन. यात काय अवघड आहे?

सूड, योजना क्रमांक चार.

२४ जून, सोमवार. सायंकाळी ५.२०
तीन वाजता सायकल स्टँडमध्ये उभा राहिलो. वही-पेन्सिल घेऊन. खिडकीतून आतलं सगळं ऐकू येत होतं.

लोहगावकर सावकाश शिकवतात. मधे थांबतात. पंचफुलानं 'काहून' विचारलं, तर ते म्हणाले, "मला नक्की सांगता यायचं नाही, आपण मिळून बघू." मी हे 'अज्ञान' या सदराखाली टिपलं आणि मग खोडलं, कारण ते मिळून बघत गेले आणि उत्तर बरोबर आलं. माझ्या उत्तरापेक्षा आखूड होतं. रूपसिंगनं फळ्यापाशी जाऊन मांडलं. सगळे हसले. लोहगावकरांना हसताना घाम पुसायची सवय आहे. पुढे ते म्हणाले, असला वर्ग मला दहा वर्षांत मिळाला नव्हता, याचं श्रेय धानोरकरांचं. बहुतेक त्यांना मी दिसलो होतो. किंवा नव्हतो. पुरावा नाही.

तेवढ्यात एक सायकल पडली. मग शेजारच्या चार पडल्या.

खिडकीत सहा डोकी. लोहगावकरांसकट सात. मी म्हटलं, हवा बघत होतो.

शेषराव बाकावर आत सरकले आणि म्हणाले, "सर, आत या की. जागा हाय." मी लोहगावकरांकडे बघितलं. ते खडू हातात घेऊन थांबले होते. म्हणाले, "या ना. तिसऱ्या पायरीला मी जरा अडकलोय."

शेवटच्या बाकावर बसलो. फक्त पुराव्यासाठी. पाऊण तासात दोन पानं नोट्स झाल्या. एकदा हातही वर केला. चूक एकही सापडली नाही.

उद्या तीनला पुन्हा जाणार. एका दिवसाच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही.